पोटातली आग आणि कोपऱ्यावरचं सायबर कॅफे

वैशाली नगर, जयपूर
९ ऑगस्ट २००४

प्रिय अक्का,

उमाकांतचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, वाकलं की पोटात आग पडते). दाजींचा गुडघा आता कसा आहे? विभाची परीक्षा झाली का? आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे मधुमती बरी आहे.

माझं पोट मात्र पावसाळा लागल्यापासून जळतंय. इथले डॉक्टर माथुर म्हणाले, घशातून दुर्बीण घालून बघू. मी म्हटलं, बघू, आणि तिथून थेट कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. विम्याच्या कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःचा रोग शोधता येऊ नये? पहिल्या दिवशी मला आम्लपित्त निघालं, दुसऱ्या दिवशी अल्सर, आणि आठवडा सरता सरता फक्त बाळंतिणींना होणारा एक विकार निघाला (त्याचीही निम्मी लक्षणं जुळत होती). एक पान म्हणतं दूध प्या, दुसरं म्हणतं दुधाला शिवू नका. मी सकाळी एकाचं ऐकतो, संध्याकाळी दुसऱ्याचं. एका पानाने ब्रोकोली खायला सांगितली. भाजीवाल्याला छापील चित्र दाखवलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साब, फूलगोभी ले जाओ, चार दिन रखना, हरी हो जाएगी."

ही बातमी आपल्या मराठी मंडळात फुटली आणि लोक आपापली दुखणी घेऊन माझ्याकडे यायला लागले. बँकेतले उत्तमराव खांदा घेऊन आले. शोधलं, तर ते दुखणं खोल समुद्रात बुड्या मारणाऱ्यांना होतं म्हणे. जयपुरात समुद्र कुठला! तरी उत्तमरावांनी शॉवर सोडून बादली धरली.

मधुमती म्हणते, गावाची दुखणी बघत बसा, स्वतःचं पोट तेवढं दाखवू नका. शेवटी तीच मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. महिनाअखेरीस दुर्बीण ठरली आहे. मी काही घाबरलेलो नाही.

दाजींना नमस्कार, विभाला आशीर्वाद.

तुझा
उमाकांत

ता. क. डॉक्टरांनी विचारलं, वडील कशाने गेले? मी म्हटलं, पोटाच्या दुखण्याने. ते लिहिता लिहिता थांबले. अक्का, विम्याच्या अर्जात कुणी असं मोघम लिहिलं तर मी तो परत पाठवतो, आणि नानांबद्दल मला स्वतःला याहून जास्त माहीत नाही. तेव्हा मी चौथीत होतो. आपल्या घरात त्या आजाराचं नाव पोरांसमोर कुणी घेतलं नाही, पुढेही नाही. तू मोठी, तू त्यांच्या उशाशी असायचीस. इंटरनेटवर जगातल्या सगळ्यांच्या बापांची दुखणी आहेत, आपल्या नानांचं तेवढं नाही.

ता. ता. क. फोनवर विचारायचा धीर होईना, म्हणून एवढं लांबण लावलं. घाबरलेलो नाही हे खोटं आहे. दुपारी कचेरीत फोन कर. घरी मधुमती उचलते. रडू आलं तरी चालेल, पण नाव सांग.