प्रसूती करणाऱ्याचे नाव

४ मार्च, मंगळ.
डॉक्टर सरांची वेतनवाढ झाली. आरोग्य केंद्रात पेढे. मला दोन दिले. आमचा पगार अजून नाही. कंत्राटी नर्स म्हणून अकरा वर्षं झाली, दर वर्षी नवा करार, रक्कम जवळपास तीच. पेढे गोड लागले, याचाच राग आला.

६ मार्च, गुरु.
रजा टाकून सोलापूरला जिल्हा परिषदेत गेले. जुन्या कंत्राटी नर्सना कायम करणार म्हणे. कायम झाले तर पगार माणसासारखा होईल. क्लार्क म्हणाला, "मॅडम, प्रसूती केल्याच्या अनुभवाचा दाखला जोडा. नोंदवहीची झेरॉक्स, डॉक्टरांची सही." मुदत २० ला संपते.

७ मार्च, शुक्र.
कपाटातल्या सगळ्या नोंदवह्या काढल्या. 'प्रसूती करणारे' या रकान्यात पानोपान डॉक्टरांचं नाव. आधीच्या सरांचं, मग या सरांचं. अक्षर माझं.
रुजू झाले तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "साहेबांचंच नाव टाकायचं, कुणी विचारत नाही." मीही टाकत गेले. सर मीटिंगला, सर रजेवर, मूल माझ्या हातात. सरांच्या लग्नाच्या दिवशीही सरांनी एक बाळंतपण केलंय! कागदोपत्री मी अकरा वर्षांत एकही केलेलं नाही. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा.

१० मार्च, सोम.
सरांकडे दाखला मागितला. माणूस वाईट नाही.
"सिस्टर, इतकी वर्षं खोटं लिहिलं, हे माझ्याच सहीनं कबूल करू? चौकशी लागली तर दोघंही जाऊ." मग म्हणाले, "केस बिघडली तर लोक माझी कॉलर धरतात, तुमची नाही."
खरं आहे. गेल्या वर्षी धरली होती, मी आत कडी लावून उभी होते. पण बिघडली तर त्यांची आणि नीट झाली तरी त्यांचीच? हे नाही पटत.

१२ मार्च, बुध.
आमच्या गावच्या आशा सेविका शांताबाई, त्यांना सांगितलं. "बायास्नी इचारा की कुणी सोडवलं. समद्या तुमचंच नाव सांगत्यात. अंगठे घिऊन येऊ का?" मी म्हटलं, अंगठे चालत नाहीत. त्या हसल्या. "तुमाला पगार तरी हाय. मला मानदन, ते बी येईल तवा."
मी सरांच्या पगारावर जळते, हिनं कुणाकुणावर जळायचं.

१७ मार्च, सोम.
सकाळी ज्वारीच्या काढणीतनं एक बाई आणली. सर मंगळवेढ्याला मीटिंगला. बाळाच्या गळ्याला नाळ. सोडवली, रडलं. मला घाम फुटला होता.
रकान्यात माझं नाव लिहिलं. पहिल्यांदाच. लाज वाटली.
दुपारी सरांनी पाहिलं. "हे पान बदला." म्हटलं, पानांना छापील नंबर आहेत सर. त्यांनी सही केली नाही.

१९ मार्च, बुध.
दुपारी दुसरी बाई आली. आज सर हजर. आत आले, हातमोजे चढवले, मग भिंतीशी सरकले. "सिस्टर, तुम्ही करा. मी उभा आहे."
मुलगी. दोघी ठीक.
नोंद भरली, 'प्रसूती करणारे' तेवढं सरांनीच भरावं म्हणून कोरं ठेवून वही सरांच्या टेबलावर नेली. सोमवारच्या पानावरही सही नाही, खाडाखोडही नाही. त्यांनी दोन्ही पानं पाहिली, पेन न उचलता वही मिटली. जाताना नुसतं म्हणाले, "उद्या बघू."
उद्याच मुदत संपते.