व्याख्यात्याच्या गालातला चट्टा

५ जानेवारी
कळमनुरीत व्याख्यान. विषय: 'भगताकडे नव्हे, दवाखान्यात चला'. दीड तास बोललो. तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टर गाठा, असं ठणकावलं. मागच्या रांगेत पुसेगावचा वसराम भगत बसला होता. त्याचं नाव घेऊन म्हणालो, ह्यांच्या अंगाऱ्यापायी माणसं मरतात. बिचारा खाली मान घालून ऐकत होता. प्रचंड टाळ्या. घरी आल्यावर तंबाखूचा शेवटचा बार भरला. उद्यापासून बंद.

१९ जानेवारी
बार चालू. विचार करताना लागतो. डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा. टूथपेस्टचा दोष. ब्रँड बदलला.

८ फेब्रुवारी
तिखट सोडलं. शुद्ध मनोनिग्रह. बायको, मंजुषा, म्हणाली, कशाचा निग्रह, ठेचा लागला की डोळ्यात पानी येऊन राहिलं तुमच्या. दवाखान्यात काहून जात न्हाई? तिला समजावलं, दोन आठवड्यांचा नियम न वाचणाऱ्या जनतेसाठी असतो. मी ह्या विषयावरची पाच पुस्तकं वाचलीत.

२ मार्च
सेनगावला सत्कार. पेढा अख्खा तोंडात जाईना, तोंड तेवढं उघडेचना. अर्धा परत केला. अध्यक्ष म्हणाले, सरांचा आहार किती मोजका! पटलं.

२२ मार्च
जबडा ओढतो. भाषण वीस मिनिटांत आटोपलं. थोडक्यात बोलणं ही वक्तृत्वाची वरची पायरी. मंजुषा म्हणाली, बराबर, आज पहिल्यांदा लोक शेवटपर्यंत बसले. चट्टा लाल झालाय. रंग बदलला, म्हणजे बरा होतोय. तरी ठरवलं: एप्रिलचे कार्यक्रम झाले की डॉक्टर. एकदम फायनल.

११ एप्रिल
गालात जखम. उशीवर रक्त. पुसेगावला वसरामकडे गेलो. केवळ अभ्यास म्हणून. भगत लोकांना कसा फसवतो, ते जवळून पाहायला हवं. मी तोंडाला रुमाल बांधला होता. त्यानं आवाजावरून ओळखलं. म्हणाला, या सर, आ करा. जेवढा झाला तेवढा केला. बॅटरी मारून पाहिलं. मग स्वतःचा गाल बोटानं ओढून आतला व्रण दाखवला. म्हणाला, तुमचं भाषण ऐकलं अन् दुसऱ्याच दिवशी नांदेडला गेलो. शेंगदान्याएवढा चट्टा व्हता, काढून टाकला. डॉक्टर म्हनले, लवकर आलास म्हणून वाचलास. अन् सर, तुमी इथं काहून आले?
अंगारा मागितला. म्हणाला, न्हाई देत. उठा, गाडी काढतो.

१५ एप्रिल, नांदेड
तुकडा तपासायला पाठवलाय. डॉक्टर म्हणाले, पांढरा होता तेव्हाच आला असतात तर छोटं काम होतं. आता बहुतेक जबड्याचाही भाग काढावा लागेल. पुढं भाषणं करता येतील का, विचारलं. आधी जगायचं बघू, म्हणाले.
तुम्हाला इकडे कुणी पाठवलं, असं त्यांनी सहज विचारलं.
म्हणालो, भगतानं.