बोलकी पेटी

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी धड आहे आणि नोकरीही तीच आहे. वाचून चक्कर येऊ देऊ नकोस. मागच्या पत्रात तू मला दारोदारचा पाहुणा म्हणालीस, म्हणून आधी हेच लिहिलं.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांची पेटी बनते, आणि मी ती खोक्यात भरतो. परवा डिझायनर बाईंनी बोलावलं. मला वाटायचं, डिझायनर म्हणजे नक्षी काढणारी. पण वस्तूने माणसाशी कसं वागायचं आणि माणसाला कसं वागायला लावायचं, हे ती ठरवते. पेटीला आपल्या भाषेतला आवाज हवा होता, आणि माझं तोंड दिवसभर चालू असतं हे सगळ्यांना ठाऊक.

एका बंद खोलीत बसवून बाईंनी कागद दिला. मी चौथीत वाचायचो तसाच अडखळत वाचला. त्यांनी तो काढून घेतला आणि म्हणाल्या, समोर तुझी आई बसली आहे, गोळी घ्यायला टाळते आहे, आता बोल. मग काय, सुटलोच! लाडीगोडी लावली, थट्टा केली, चिडलो, शेवटी रडवेला आवाजही काढला. बाई खूश. गोळीची वेळ झाली की पेटी बोलायला लागते आणि झाकण उघडेपर्यंत थांबून थांबून बोलतच राहते, दर वेळी निराळं. बाईंचं म्हणणं, कटकट थांबावी म्हणून तरी माणूस उठतोच.

काल टेबलावरच्या पेटीतून माझाच आवाज आला, अगं आई, घे ना गं. हातातलं खोकं खाली पडलं. मी इथे उभा, आणि मीच तिथून बोलतोय!

एक पेटी सोबत पाठवतो आहे. फोनवर आई घेतली घेतली म्हणते आणि मलाही पाळीवर पळायचं असतं. आता मीच घरात बसून तिच्या मागे लागेन. तू निर्धास्त कामाला जा.

आईला नमस्कार. रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भिंगरी


दि. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आई आता शुद्धीवर आहे. हे आधी वाच, मग पुढचं वाच. फोनवर मी नुसती चक्कर आली म्हणाले, कारण ती खाटेवरून ऐकत होती. खरं काय ते इथे लिहिते.

इस्त्रीच्या दुकानातून आले तर आई मोरीच्या दारात आडवी पडलेली. हाक मारली तरी डोळा उघडेना. डॉक्टर म्हणाले प्रेशर आभाळाला भिडलंय, गोळ्या बंद केल्यात का? मी त्यांच्याशी भांडलेच. महिन्याच्या गोळ्या माझ्या हाताने भरल्यात, भावाने बोलकी पेटी पाठवलीय, बंद होतीलच कशा?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दवाखान्यात आल्या आणि विचारलं, तुझा भाऊ कुठे दिसत नाही तो? मला काही कळेना. त्या म्हणाल्या, इतके दिवस भिंतीपलीकडून त्याचाच आवाज ऐकतेय की. सकाळपासून आईची मनधरणी करतो, दुपारी चिडतो, एकदा तर रडत होता. पोरगा सुधारला म्हणून त्यांनी तुझं कौतुकही सगळीकडे करून टाकलं होतं.

तशीच घरी धावले. पेटीतून तू विनवत होतास. झाकण उघडलं आणि तू वाक्याच्या मधेच थांबलास. आत सगळे कप्पे भरलेले, मी भरले होते तसेच. एकही गोळी हललेली नव्हती.

दवाखान्यात परत येऊन आईला वाटेल ते बोलले. तुला यंत्र समजत नाही का म्हणाले. तिला सगळं समजत होतं. मी घरी यायच्या आत ती बटण बंद करून ठेवायची. पडली त्या दिवशी तेवढं राहिलं, आणि त्या धांदलीत मला ऐकू आलं नाही. भिंतीकडे तोंड करून ती एवढंच म्हणाली, की झाकण उघडलं की तो गप्प होतो गं.

यावर काय बोलायचं, तुला सुचलं तर कळव.

जपून राहा. आम्हा दोघींना विसरू नकोस.

तुझी,
ताई


दि. ७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र कारखान्यातच वाचलं आणि तसाच दार न ठोठावता डिझायनर बाईंच्या खोलीत घुसलो आणि त्यांना ते अडखळत वाचून दाखवलं. बाई आधी म्हणाल्या, असं होणं शक्यच नाही, ज्यांच्यावर पेटी तपासली ते सगळे दुसऱ्या हाकेला उठले होते. मी म्हटलं, त्यांचा मी कोण होतो? कटकट कुणाला हवीशी वाटेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या तरी कुठे होतं?

मग त्या भराभरा रेघोट्या मारायला लागल्या. उलटं करू म्हणाल्या, झाकण उघडल्यावर आवाज येऊ दे. मी म्हटलं, आई दिवसभर झाकणच उघडत बसेल आणि महिन्याच्या गोळ्या दोन दिवसांत संपवेल. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्याच दिवशी त्यांनी गोदामातल्या पेट्या अडवल्या. साहेब ओरडला, त्या हटल्या नाहीत. आता पेटीत साधी घंटा वाजणार आहे.

तू पेटी माळ्यावर टाक. सकाळी निघण्याआधी तुझ्या हाताने गोळी दे आणि ती गिळेपर्यंत तिथून हलू नकोस. मी पाळी बदलून घेतली आहे, रोज त्या वेळेला फोन करीन.

ताई, ते रडणं खोटं होतं गं. मी मजा म्हणून रडलो होतो, बाई हसल्यासुद्धा होत्या. आणि आई ते ऐकत पडून राहिली.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुझा,
भिंगरी


दि. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सांगते आहे, ताई नुसती लिहिते आहे. मधे काही घुसडलं तर ते तिचं समज.

डॉक्टर म्हणाले प्रेशर जागेवर आलं. गोळी मी ताईसमोर घेते आणि शाळेतल्या पोरीसारखी जीभ काढून दाखवते. मी काही वेडी नाही. पेटीत तू नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण किती वर्षांत माझ्या मागे इतकं कुणी लागलं नव्हतं रे.

आता एक सांगते, ओरडायचं नाही. सुरुवातीला तू फोन केलास की विचारायचास, घेतलीस का? मी घेतली म्हणायचे, आणि तू लगेच ठेवतो म्हणायचास. म्हणजे पुन्हा तेच, झाकण उघडलं की गप्प. म्हणून हल्ली मी नाही घेतली असं सांगते. घेतलेली असते. ताई शेजारी मूग गिळून उभी असते. मग तू समजावतोस, चिडतोस आणि बोलता बोलता तुझ्या खोलीचं, करपलेल्या भाताचं, त्या बाईंचं सांगायला लागतोस.

ताई म्हणते, पोराचा जीव टांगणीला लावू नकोस, त्याला कळव. म्हणून कळवलं. आता तुला ठाऊक झालं.

उद्या फोन कर आणि विचार. मी नाहीच म्हणणार आहे.

तुझी,
आई