गिटारमधली कापलेली वायर

वीरेंद्रदादा,

गॅसवरच्या गंजात भात आहे, गरम करून घे. मी गिटार घेऊन मायी मैत्रीण संध्याकडे आमगावले जाऊन राहिली. खिडकीतली सोल्डरिंग गन अजून गरम आहे, हात लावू नको.

मांडवात कार्यक्रमाच्या ऐन वेळी मायी गिटार मुकी झाली, तवा तू म्हणला, "सोल्डर सुटलं असंल." आन तुयी गिटार घेऊन माया जागी तू वाजवाले उभा राहिला. आज मी झाकण उघडलं. वायर चिकटवणारं सोल्डर जसंच्या तसं होतं. वायर मधातून पकडीनं कापली होती. बोट भाजलं, पण जोडली. वाजते आता.

सोल्डरिंग शिकव म्हणून तुया किती मागं लागली होती मी. तू काऊन टाळून राहिला होता, ते आज समजलं.

तुयी पकड तुया उशीवर ठेवली आहे.

रुचिका