तीन निळे शब्द

प्रिय सिर्पा,

फोन सोडून कागदावर लिहितोय याचं तुला नवल वाटेल. फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात तुझी आई आहे. उत्तर पाठवायचंच झालं तर घरी पाठवू नकोस, ओनीकाकाच्या वृद्धाश्रमात माझ्या नावानं पाठव. दुपारी मी तिथंच असतो. ओनीला आता मी कोण ते आठवत नाही, पण कॉफीत साखर कमी पडली तर लगेच कळतं. तलाव अजून गोठलेला आहे, कडेनं मात्र काळा पडायला लागलाय.

थँक्सगिव्हिंगला तुझं आणि आईचं जे झालं, त्यावरून तुला वाटत असेल की ती हट्टानं आंधळी झाली होती. तू कॅलगरीला, तुला शेवटचा तुकडाच दिसला. आधीचं मी पाहिलंय. तापानी गेल्यावर आपल्या पोराची वेबसाइट तिनं बंद होऊ दिली नाही. बर्फानं त्याला कधी दगा दिला नाही, दिला तो हायवेवरच्या लाकडं वाहणाऱ्या ट्रकनं. पण दर शनिवारी तलावावरच्या बर्फाला भोक पाडून जाडी मोजायची आणि घरी येऊन लिहायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या पानावर शाळा विसंबायच्या, वर्तमानपत्र विसंबायचं, स्नोमोबाइल क्लबवाले तर त्याचं लिहिणं वाचल्याशिवाय गाडी बाहेर काढत नसत. आई त्याचा मेलबॉक्स उघडायला शिकली. सुरुवातीला सांत्वनाची पत्रं आली, मग तीही आटली. माणसं तरी किती दिवस लिहिणार?

आणि मग त्या क्लेअरचं पत्र आलं. ‘प्रिय तापानी, तुमचा लेख फार आवडला.’ आईनं तिला कळवलं की तो आता नाही. क्लेअरनं इतकं मायेनं उत्तर लिहिलं की आईनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. शेवटी एक छोटीशी विनंती होती. ती मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानासाठी काम करायची. तापानीच्या लेखातले ‘बर्फाची सुरक्षित जाडी’ हे तीन शब्द निळे करून त्यांवर दुकानाच्या पानाची लिंक द्यायची, बस. त्याचा एकही शब्द बदलायचा नाही. आईनं आनंदानं केलं. मग दुसऱ्या लेखात, मग तिसऱ्या. एकदा आईनं लिंक चुकून दुकानाच्या नावावर दिली, तर क्लेअरनं गोड भाषेत कळवलं, नावावर नको, त्या तीन शब्दांवरच हवी. मी म्हटलं, हा कसला दुकानदार, स्वतःच्या नावाची पाटी नको म्हणतो? पण जास्त बोललो नाही. घरात पुन्हा कुणाचं तरी नाव निघत होतं. क्लेअर असं म्हणते, क्लेअरकडे पाऊस आहे, क्लेअरला मोजे विणून पाठवू का. मुक्या घरात राहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

तू जेवणाच्या टेबलावर जे समजावत होतीस ते मला आता कळतं. कोणतं पान कोणाकडे बोट दाखवतं आणि बोट दाखवताना कोणते शब्द उच्चारतं, हे ते सर्चचं यंत्र मोजत असतं. तापानीसारख्या भरवशाच्या माणसानं ‘बर्फाची सुरक्षित जाडी’ म्हणत सारखं एकाच दुकानाकडे बोट केलं, की यंत्राला वाटतं, याबाबतीत खरं ज्ञान तिथंच असणार. आपल्याकडे पूर्वी चर्चमध्ये पाद्री म्हणाला अमका सुतार चांगला, की सगळी वस्ती त्याच्याकडेच जायची, तसं. तू म्हणालीस, ती बाई तापानीचा शब्द वापरतेय. आणि आई काय म्हणाली ते तुझ्याइतकंच माझ्याही कानात आहे: “तापानीला कुणी मान दिलेला तुला बघवत नाही.” तू सकाळी कॉफी न घेताच निघालीस. तिनं खिडकीतून तुझी गाडी वळेपर्यंत पाहिलं, हे तुला माहीत नसेल.

आता पुढचं. ओनीकडे रोडेल नावाचा सेवक होता. मनिलाचा, दोन लहान मुलांचा बाप, हसरा. ओनीला आंघोळ घालताना फिनिश गाणी म्हणायचा, अर्थ न कळता, आणि ओनी खूश व्हायचा. मुलांना बर्फावरची मासेमारी दाखवायची म्हणून माझ्या मागे लागला होता. मी म्हटलं, आधी माझ्या मुलाचं लिहिलेलं वाच, सर्च केलंस की पहिलंच येतं. पूर्वी यायचंच ना. डिसेंबरात एका रविवारी, मुलांना न्यायच्या आधी आपण एकदा बघून यावं म्हणून तो एकटाच लून तलावावर गेला. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं.

गावात लोक म्हणाले ते म्हणालेच. बाहेरून येतात, बर्फ म्हणजे काय ठाऊक नसतं, बिनधास्त चालत सुटतात. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात नूडल्सच्या परातींशेजारी त्याची बायको मारिविक उभी होती. मी हात पुढे केला, तर तिनं हातात हात न देता फोन दिला.

“तो न बघता गेला नव्हता, मिस्टर रायमो,” ती म्हणाली. “त्यानं वाचलं होतं. त्यानं मोजलंसुद्धा होतं. तीन इंच होतं.”

फोनवर त्या दुकानाचं पान होतं. एका माणसाला चालायला दोन इंच पुरे, असं स्वच्छ लिहिलेलं. खाली तंबूची जाहिरात. तापानीनं जन्मभर चार लिहिलं, तेही काचेसारख्या बर्फासाठी, पांढरा असेल तर दुप्पट. लून तलावावरचा त्या आठवड्यातला बर्फ दुधासारखा पांढरा होता. मी घरी येऊन सर्च केलं. दुकान पहिलं. तापानी खाली, इतका खाली की मला तिसऱ्या पानापर्यंत जावं लागलं.

आईला मी दाखवलं. लपवायला हवं होतं का, ते आजही सांगता येत नाही. तिनं चष्मा लावून वाचलं, पुसून पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग बसली आणि एकेक निळा शब्द काळा करत गेली. तिनं क्लेअरला लिहिलं, आकडा चुकीचा आहे, माणूस मेलाय. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. शेवटी कुणा ब्रायनचं पत्र आलं. ‘प्रिय तापानी, तुमचा लेख फार आवडला.’ त्याला आता ‘बर्फावरचा सर्वोत्तम तंबू’ या शब्दांवर लिंक हवी होती. ती क्लेअर होती तरी का, असं आईनं मला विचारलं. नंतर कधीतरी दुकानानं दोन इंच खोडून चार इंच लिहिले. चूक झाली होती असं कुठं लिहिलं नाही. बघणाऱ्याला वाटावं, पहिल्यापासून चारच होते. आणि आपल्या लिंका काढून काही फरकही पडला नाही, कारण पक्षीनिरीक्षकांचं एक जुनं पान, एका कॅम्पचं पान, कुणाकुणाची पानं तेच तीन शब्द म्हणत अजून तिकडेच बोट दाखवतायत.

मारिविकला सांगायचं असं आईनंच ठरवलं. आम्ही दोघं गेलो. आई वेलचीचा गोड पाव, पुल्ला, घेऊन गेली होती, तो शेवटपर्यंत तिच्या मांडीवरच राहिला. तिनं सगळं सांगितलं, काही सावरून घेतलं नाही. मग मारिविकनं विचारलं,

“तुमच्या मुलाचं पान बरोबर होतं?”

आई हो म्हणाली.

“मग ते त्याला का नाही दिसलं?”

“वाट मीच दुसरीकडे दाखवली,” आई म्हणाली.

मारिविक रडली नाही, रागावली नाही, तिनं माफही केलं नाही. मुलांना शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून उठली आणि कोट घालू लागली. आम्हीही उठलो.

तेव्हापासून आई कॉम्प्युटरला शिवलेली नाही. भांडी घासते, चूल पेटवते, विचारलं तेवढंच बोलते. मला वाटलं, दिवस जातील तसं निवळेल. पण गेल्या शनिवारी मी ओनीकडून परतलो तर घर रिकामं. मागच्या दारातून पावलं सरळ तलावाकडे गेलेली. ती किनाऱ्यापासून बरीच आत, ओढा मिळतो त्या बाजूला उभी होती. तिथं भर जानेवारीतही कुणी पाऊल टाकत नाही, आणि हे तिला ठाऊक आहे. मी पोटावर सरपटत गेलो, सिर्पा, या वयात, आणि तिचं नाव घेत राहिलो. ती आली. भांडली नाही. मोजायला गेले होते म्हणाली. तिच्या हातात काही नव्हतं. डॉक्टरकडे मी नेलंय, गोळ्या दिल्यात, तिथल्या बाईशी ती बोलत नाही. मी रात्री दाराशी खुर्ची टाकून झोपतो, पण मी म्हातारा आहे, डोळा लागतो. बर्फ फुटायला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्यासाठी तरी ये. मी बोलावलं असं सांगू नकोस, सुटी होती म्हणून आले म्हण. आणि त्या जेवणाच्या वेळी तू बरोबर होतीस, हे आता तिला चुकूनही ऐकवू नकोस. ते तिला कळलेलं आहे.

तुझाच,
बाबा