रास आणि तिची हद्द

३ जानेवारी २००५, सोमवार
जालना

आजपासून मी पुन्हा नोकरदार! सकाळी शर्टाला इस्त्री करताना असे वाटले, जणू पहिल्यांदाच वर्गावर चाललो आहे. भुजंगने बोलावले म्हणून आलो. टेंभुर्णीच्या शाळेतला हा माझा विद्यार्थी आता इथल्या एका बियाणे कंपनीत संगणक विभागाचा मुख्य आहे. कंपनीसाठी बियाणे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची नावे टंकणाऱ्यांनी वाट्टेल तशी लिहून ठेवली आहेत, ती मी शुद्ध करायची. शुद्धलेखनाचा आनंद आणि वर पगार!

कामाची खोली छान आहे. खिडकीतून मोसंबीचा गाडा दिसतो. दुपारी ऊन तिरपे येऊन टेबलावर बसते, अगदी शहाण्या मुलासारखे. ते पाहून चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता आठवली आणि मी ती मोठ्याने म्हणूनही टाकली. खोली झाडणारी कांताबाई दारात उभी होती. म्हणाली, गुर्जी, कवितेनं भूक भागती का? आणि चहा ठेवून गेली. आले इतके, की घसा पोळला. परत आली तेव्हा विचारले, घरी कोण कोण असते? तर म्हणाली, मी हाय अन् चूल हाय. मीही हसलो. बायको, दुर्गाबाई, गेल्यापासून माझे तरी काय वेगळे? मुलगा वसंता पुण्यात आपल्या संसारात.

५ जानेवारी

मशीन रोज दुपारी कोलमडते. भुजंग म्हणाला, हा जावा नावाच्या संगणकी भाषेवर चालणारा सर्व्हर आहे. त्यावर कांताबाई लगेच, जावा-जावा हैत म्हनल्यावर भांडनारच की! आम्ही दोघेही खूप हसलो.

मग त्याने नीट समजावून सांगितले. ह्या सर्व्हरला मेमरीची हद्द घालून द्यावी लागते. आत सारखी नवी नावे, नवी कामे येऊन पडतात आणि त्यांचा ढीग होतो. मला तर खळ्यावरची रासच दिसली. हद्द भरत आली की मशीन स्वतःच झाडायला निघते. दारापासून सुरुवात करते आणि कोणी कोणाला धरले आहे ते पाहत जाते. ज्याच्यापर्यंत कोणाचाच हात पोचत नाही, तो कचरा. हद्द लहान ठेवली तर सारखे झाडूनच दमते आणि पडते. मोठी ठेवली तर क्वचित झाडते, पण तेव्हा सगळे थांबवून.

भुजंगला हद्द थोडी थोडी, अंदाज घेत वाढवायची होती. मला मात्र त्या झाडण्याचाच राग आला. म्हटले, अरे, राशीला कसली कंजुषी? दे मोठ्ठी हद्द. कोणाला झाडायची वेळच येऊ नये. तो डोके खाजवत राहिला. मग म्हणाला, गुरुजी, हे काही बराबर न्हाई, पण शाळेत तुमचा शब्द मोडला न्हाई, आता काय मोडू? संध्याकाळी त्याने होती नव्हती ती सगळी मेमरी सर्व्हरला देऊन टाकली.

८ जानेवारी

मशीन आता पडत नाही. मला उगाच अभिमान वाटत होता.

आज दुपारी सगळे थांबले. संगणकांचे पडदे थांबले, ते एक वेळ समजले असते. पण चहाची वाफ कपावर तशीच उभी राहिली. कांताबाईचा हात फडक्यासकट हवेत. गाड्यावरून पडलेले मोसंबे जमिनीच्या वीतभर वर. मग सगळे पुन्हा सुरू झाले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

मन शांत करायला पाखरांची कविता म्हणू लागलो. पहिली ओळ आली. पुढे कोरे. इतकी वर्षे शिकवलेली! भुजंगला विचारले, तू तर ती बाकावर उभा राहून म्हणायचास. तो हसला. म्हणाला, पाखरांची? अशी कविता आपल्याला न्हवतीच, गुरुजी.

आता पहिली ओळही गेली.

११ जानेवारी

आज पुन्हा थांबले. जास्त वेळ.

चहा आला नाही. भुजंगला म्हटले, कांताबाई कुठे गेली? म्हणाला, कोण कांताबाई? हितं झाडायला बाई कधीच न्हवती, आमचं आम्हीच झाडतो की. थट्टा करत नव्हता. मी त्याचे डोळे ओळखतो.

खिडकीचा एक गज अर्धाच पुसलेला आहे.

१२ जानेवारी

आडून विचारले. एकाला दुसऱ्याने धरले असेल, तर तो राहतो ना रे? म्हणाला, न्हाई, गुरुजी. दोघं एकमेकांना घट्ट धरून बसले असले, पण दारापासून कोणाचा हात त्यांच्यापर्यंत येत नसेल, तर दोघंबी जातात. बिलकुल जातात.

कांताबाईला मी धरले होते. पक्के धरले होते. तरी ती गेली. म्हणजे मला धरणारा हात—

नाही. वसंता आहे. भुजंग आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

भुजंगने सगळ्यांना तिळगूळ दिला. माझ्या डावीकडच्याला दिला. मग उजवीकडच्याला. मी हात पुढे केलेलाच होता.

१६ जानेवारी

बूथवरून वसंताला फोन लावला. बाळा, मी तुझा बाबा बोलतोय, म्हटले. फार अदबीने बोलला. काका, तुमचा नंबर चुकला असेल, म्हणाला. वर म्हणाला, माझे वडील मी पाहिलेच नाहीत. आईनेच एकटीने वाढवले.

आवाज अगदी दुर्गाबाईसारखा. तिने एकटीने कसे— आम्ही दोघे—

१८ जानेवारी

भुजंग म्हणाला, बाबा, कोण पाहिजे तुम्हाला?

मी त्याचा कान धरून पिळला. शाळेत पिळायचो तसा, जोराने. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या पाण्यातून मी त्याला दिसलो. गुरुजी? म्हणाला. गुरुजी, मी कसा काय इसरलो हो! म्हटले, ते सोड, हद्द कमी कर, आधी होती तेवढी कर, आत्ता. तो लगेच बसला. दिसलो त्याला. देवा, दिसलो!

बोटे चालवत म्हणाला, जल्दी होतं गुरुजी, फक्त हद्द बदलायला सर्व्हर एकदा पूरा बंद करावा लागतो. आत जे नुसतं आठवणीत हाय ते सगळं पुसतं. लिहून ठेवलेलं तेवढं परत येतं.

थांब म्हणालो. थांब, भुजंग. ओरडलो. त्याने मागे पाहिले— माझ्यातून, भिंतीकडे—

लिहून ठेवलेले परत येते. लिहितो. आधी तिचे, तिला कोणीच नव्हते. कांताबाई. कपाळावर गोंदण. मोठ्याने हसते. चहात आले फार. दुर्गाबाई. वसंताची आई, माझी— आता मी. टेंभुर्णीच्या शाळेत मराठी शिकवायचो. नाव

नाव काय होते ते भुजंगला विचा