शेवटी उतरते ती म्हातारी

खडकमाळ, ता. दिंडोरी
८ डिसेंबर २००६

चि. स्नेहल हिस आजी लंकाबाईचा आशीर्वाद.

वि. वि. तुझा बाप म्हणतो, पुंजाच्या दुकानात फोन हाय, तिथून बोल. पण तिथं बोललेलं भाकरी भाजायच्या आत गावभर होतं. म्हणून हे वाकडं अक्षर. चौथीत शाळा सुटली, तेवढ्यावर भागवून घे.

इकडं द्राक्षाची विरळणी चाललीय. वर बघून बघून मानेचा दगड झाला. बागेतल्या बाया विचारतात, नात नाशकाला आत्याकडं राहून रग्बी खेळते म्हणजे काय करते. मी सांगते, दुधीभोपळ्यासाठी मारामारी करते.

एक विचारायचं हाय. तू लिहिलंस की खेळ झाल्यावर ते शिकवणारे दिनेश सर सगळ्या पोरींना आपल्या गाडीतून घरी सोडतात, आणि तुला पुढं बसवतात. बरं. पण शेवटी कोण उतरतं, ते लिहिलं नायस. तेवढं कळव.

तुझ्या आत्याला, सवितेला म्हणावं, पोरीला भाकरी चार, पावानं हाडं धरत नायत. आशीर्वाद पुष्कळ हायेत, सांडू नको.

लंकाबाई


नाशिक
१५ डिसेंबर २००६

ती. आजीस स्नेहलचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. भोपळ्याचं आत्याला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. पुढचं मात्र दाखवलं नाही.

शेवटी मीच उतरते. आत्याचं घर मैदानापासून दोन वळणांवर, तरी आधी सगळ्यांना लांब लांब सोडून मग मला आणतात. सर म्हणाले, कॅप्टननं शेवटी उतरायचं असतं. मला आधी मोठा मान वाटला. आत्यालाही वाटला. ती सरांना रोज चहा देते.

पण बाकीच्या उतरल्या की सर गाडी हळू चालवतात. खांद्यावर हात ठेवतात, मी सरकले तरी काढत नाहीत. परवा म्हणाले, गाडीतलं गाडीतच ठेवायचं, नाहीतर बाकीच्या पोरी जळतील. मला ते आवडत नाही, आजी. पण कॅप्टन त्यांनीच केलंय आणि फेब्रुवारीत पुण्याची स्पर्धा आहे. बाबांना सांगू नकोस. ते मला त्याच दिवशी गावी आणतील आणि माझं खेळणं संपेल.

तुझी माया अशीच राहू दे. मानेला तेल लाव.

स्नेहल


खडकमाळ
१९ डिसेंबर २००६

चि. स्नेहल हिस आशीर्वाद.

वि. वि. तू लिहिलंस ते चांगलं केलंस. तुझं काडीचं चुकलं नाय. हे पहिलं वाच, मग पुढचं.

हे पत्र पोचायची वाट मी बघितली नाय. पुंजाच्या दुकानात जाऊन सवितेला फोन केला. गावानं ऐकलं, ऐकू दे. आजपासून ती तुला न्यायला मैदानावर येईल. त्या गाडीत पाय ठेवायचा नाय. ती फोनवर रडली. मी म्हटलं, रडणं नंतर, आधी चपला घाल.

तुझ्या बापाला मी सांगणार. असलं लपवून मी जेवू शकत नाय. पण तुझा खेळ बंद होणार नाय, ही माझी जबान. तो माझ्या पोटचा हाय, किती ओरडतो न् कधी थांबतो ते मला ठाऊक हाय.

आता आमच्या टोळीची रीत ऐक. बागेतून आम्ही मुकादमाच्या जीपनं येतो. डायव्हरशेजारी म्हातारी बसते, न् सगळ्या उतरल्यावर शेवटी उतरते तीही म्हातारीच. कवळी पोर शेवटी ठेवायची नाय. डायव्हर देवमाणूस असला तरी नाय. देवमाणसाला त्याचा राग येत नाय. ज्याला आला, त्याच्याकडं आम्ही नीट बघतो.

रविवारी येते. तोवर पोटभर जेव.

लंकाबाई


नाशिक
१० जानेवारी २००७

ती. आजीस सा. न.

वि. वि. तू येऊन गेलीस त्याची आत्या अजून नक्कल करते. क्लब चालवणारे सहादूकाका म्हणत होते की सर फार चांगले, पुण्याची स्पर्धा होऊ द्या, मग बघू. तू विचारलंस, पुणं कुठं पळून चाललंय का. सर म्हणाले, ती मला लेकीसारखी. तू म्हणालीस, लेकीला कोणी घरच्यांपासून लपवायला सांगतं का. त्यावर सर रागावले, आणि सहादूकाकांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

तुला न कळलेलं सांगते. मागच्या वर्षी मंगल नावाची मुलगी खेळ सोडून गेली होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं. तू येऊन बोललीस ते कळल्यावर तिची आई भिमाबाई काकांच्या घरी येऊन ते कारण सांगून गेली. त्याच दिवशी सरांना क्लबातून काढलं. बाबा आणि काका भिमाबाईंबरोबर पोलीस चौकीतही जाऊन आले. बाबा मला खेळू नको म्हणाले नाहीत. बुटांना नवी नाडी घालून दिली.

पण पोरी माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्यामुळे सर गेले, आता पुण्याचं काय, म्हणतात. कधी वाटतं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

रागावू नकोस. लोभ आहे तो तसाच ठेव.

स्नेहल


खडकमाळ
१४ जानेवारी २००७

चि. स्नेहल हिस आशीर्वाद.

वि. वि. मंगल गप्प बसली, म्हणून तिची शीट तुला मिळाली. तू गप्प बसली असतीस तर तुझी कोणाला मिळाली असती, त्या पोरीचं नाव काढ आणि मग मला सांग.

रुसलेल्यांना रुसू दे. तू चेंडू देत राहा. आले होते तेव्हा बघितलं मी, तुमच्या खेळात पळायचं पुढं न् चेंडू द्यायचा मागल्या पोरीला. मागं कोणी नसली तर काय करता?

सहादूला आमच्या टोळीची रीत समजावलीय. मान हलवत होता, कळली का ते बघ. संक्रांतीचे लाडू पाठवते. रुसलेल्यांनाही दे, पण लहान बघून.

लंकाबाई


नाशिक
२० फेब्रुवारी २००७

ती. आजीस सा. न.

वि. वि. पुण्यात दुसऱ्याच सामन्यात हरलो. माझं ढोपर फुटलं. लाडू मोठे असते तर पोरी लवकर बोलल्या असत्या, पण आता बोलतात.

आता सहादूकाका त्यांच्या गाडीतून सोडतात आणि पुढं रोज कोणाची तरी आई बसते. आज आत्याची पाळी होती. आणि आज मंगल परत आली. सराव झाल्यावर आम्ही सगळ्या गाडीत बसलो, पण ती दाराला धरून खालीच उभी राहिली. तिनं विचारलं, शेवटी कोण उतरतं.

पुढच्या सीटवरून आत्यानं हात वर केला. घर दोन वळणांवर असून ती सगळं नाशिक फिरून परत येणार होती.

मग मंगल चढली. माझ्या शेजारी बसली.

पुढच्या रविवारी तुझी पाळी लावलीय. ये.

स्नेहल